मास्टर आणि भोपाळवाला

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही: भोपाळवाला मीच होतो. हा भोपाळवाला कोण, हे कळायचं तर आधी आमचे मास्टर कळायला हवेत, आणि मास्टरांविषयी माझं एक ठाम मत आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत आमच्या शहरात ज्या ज्या पुरुषाची पँट कमरेत आवळली किंवा पायात ढगळली, त्याला त्याचं पोट जबाबदार नव्हतं, कापड जबाबदार नव्हतं, धोबी तर मुळीच नव्हता. त्याला फुटबॉल जबाबदार होता. तोही मैदानावरचा नव्हे, टीव्हीच्या पडद्यावरचा. मास्टर रोज दुपारी तो खेळत आणि मग त्याच हातांनी कात्री धरत.

औरंगपुऱ्यात माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे आणि माझ्या भिंतीला लागून मास्टरांचं शिवणकामाचं. भिंत म्हणायची आपली, खरं तर फळ्याच आहेत, आणि पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडे पत्रिका उडते. मास्टर मूळचे खुलताबादचे. वय साठीच्या पुढे, दाढी पांढरी आणि अगदी मापात कापलेली, गळ्यात टेप. हा टेप मी त्यांच्या गळ्यातून कधी उतरलेला पाहिला नाही; मुलाच्या लग्नात हारही त्याच्यावरूनच घातला होता. शेरवानी शिवावी तर त्यांनीच, असं लोक म्हणत, आणि ते खरं होतं. हैदराबादला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं नवा गेमचा डबा घेतला तेव्हा जुना तो दुकानातल्या टीव्हीला जोडून गेला, अब्बांना दुपारचा विरंगुळा म्हणून. अब्बा त्या डब्याला ‘मशीन’ म्हणत. दुकानात चार शिलाई मशिनी आधीच होत्या, त्यामुळे ‘मशीन बिघडली’ असं ते म्हणाले की नेमकं कुणाला बोलवायचं हा प्रश्न पडायचा.

मला त्यांनी खेळायला बोलावलं त्याची वेळही सांगायला हवी, कारण त्यासाठीच मुख्यतः मी हे लिहायला बसलो आहे. त्या वर्षी लोक पत्रिका मोबाईलवर धाडायला लागले होते. पूर्वी पाचशे छापणारं घर देवापुढे ठेवायला पंचवीस छापून नेई. ‘छत्रपती संभाजीनगर’ एका ओळीत बसवायला टाइप एक साइज लहान घ्यावा लागतो, एवढाच काय तो माझा दिवसाचा उद्योग उरला होता. दुपारभर मी नमुन्यांच्या फायलीकडे बघत बसे. घरी काही बोलत नसे, मुळात मी बोलणारा नव्हेच. एके दुपारी पलीकडून फळीवर कात्रीची मूठ तीनदा वाजली. मी गेलो. मास्टरांनी काही विचारलं नाही, एक रिमोट हातात दिला आणि म्हणाले, “बैठो भाऊ. अकेले खेलके मेरेकू मेरीच आदत लग गई.”

त्या दिवशी मी सात-शून्यानं हरलो. मात्र दोन तास फायलीकडे पाहिलं नव्हतं, हे मला घरी जाताना रिक्षात लक्षात आलं.

मास्टरांनी आयुष्यात खरा फुटबॉल सामना कधी पाहिला नव्हता. संघ निवडायचा तर ते त्याचे कपडे बघून निवडत. पडद्यावर खेळाडू ओळीनं उभे राहिले की ते चष्मा वर करून जवळ जात आणि खांद्याची शिवण तपासत. लाल जर्सीवाले त्यांचे लाडके, कारण ‘कारागीर मन लगाके बैठा था’. निळ्यापांढऱ्यांच्या काखेत झोल होता म्हणून जगज्जेते असूनही ते त्यांना कायमचे बाद. एकदा तर भर सामन्यात त्यांनी आपला सगळ्यात चपळ खेळाडू बाहेर काढला. का, तर त्याची चड्डी मांडीला आवळते, बिचारा कसा पळणार. बदली आलेल्यानं सतराव्या सेकंदाला गोल केला आणि मास्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की फुटबॉलमध्ये शेवटी काय असतं, मापच असतं.

खेळाडूंची इंग्रजी नावं त्यांना वाचता येत नसत. ती त्यांनी स्वतःच ठेवली होती, आणि ती सगळी त्यांच्या जुन्या कारागिरांची होती. रेडिमेडचे कारखाने आले तसे एकेक करून कारागीर त्यांना सोडून गेले होते. आता ते सगळे अकराच्या अकरा पुन्हा मास्टरांच्या हाताखाली होते. “बाबू, इधर कू दे. रशीद, सोता क्या रे? गणपत, संभाल, संभाल.” गोलकीपर गणपत, कारण गणपतच्या हातून कधी बटणसुद्धा पडलं नव्हतं म्हणे. पुढचा खेळाडू बाबू, जो कामावर कधी वेळेवर आला नव्हता, आणि इथंही नेमका बॉल निघून गेल्यावर पोहोचायचा. या बाबूनं एके दुपारी शेवटच्या मिनिटाला डोक्यानं गोल मारला. दैवयोग असा, की खरा बाबू त्याच संध्याकाळी सायकलवरून गल्लीतून चालला होता. दुकान सोडून गेल्यापासून तो मान खाली घालूनच जाई. मास्टरांनी त्याला हाताला धरून आत आणलं, बसवलं, चहा पाजला, दोन भजी जास्तीची दिली आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, “आज दिल खुश कर दिया तूने.” बाबू गोंधळून माझ्याकडे बघत होता. मी काहीच समजावलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो मान वर करून जाऊ लागला.

आता पँटींविषयी. हरलेले मास्टर अर्धा इंच आत कापत आणि जिंकलेले मास्टर पाऊण इंच बाहेर. यात त्यांचा काही दोष नव्हता. हरलं की सगळं जगच त्यांना ढिलं वाटे आणि आवळून घ्यावंसं वाटे. जिंकलं की माणसाला मोकळं वाटलं पाहिजे, अशी उदारता मनात येई. एका प्राध्यापकांच्या शेरवानीचा उजवा हात त्यांनी गोल होण्याआधी कापला आणि डावा गोल झाल्यानंतर. प्राध्यापकांनी ती घालून आरशात पाहिलं आणि आपला एक दंड वाळत चाललाय या धसक्यानं ते थेट दवाखान्यात गेले. हळूहळू गिऱ्हाइकांना हे कळलं. ते माप द्यायला जाण्याआधी माझ्या दुकानात डोकावून निकाल विचारत. लासूर स्टेशनचे एक आडते होते, धान्याचा मोठा व्यापार आणि त्याला साजेसं पोट. ते तर घरून निघण्याआधी मला फोन करत. “मास्टर हरले व्हय?” मी हो म्हटलं की सुस्कारा. “मग राहू द्या. बुधवारी येतो. मागल्या टायमाला लई आवळलं हो मला, पंगतीत बसता येईना.”

पण मास्टर कधी ओरडले नाहीत, रिमोट आपटला नाही. गोल बसला की टेपचं टोक दातात धरायचे, बस. विशेष म्हणजे हरल्यावर समोरच्याला ते आवर्जून दाद देत. “क्या मारा, भाऊ.” हे वाक्य मला तीन वर्षांत फार तर चारदा ऐकायला मिळालं. कारण माझ्याशी जिंकायचे तेच; त्यांची हार व्हायची ती मी पोहोचण्याआधी, एकट्यानं डब्याशी खेळताना. चाळीस वर्षं कात्री चालवलेला अंगठा होता तो. आणि हरलेला मी मास्टरांपेक्षा वाईट होतो, हे आता कबूल करायला हवं. माझा चेहरा हलत नसे. मी “चालायचंच” म्हणून उठे, आणि मग घरी आमटीत मीठ नाही म्हणून ताट सरकवी. बायको वाढता वाढता शांतपणे विचारी, “आज किती शून्यानं?” एकदा पाच-शून्यानंतर मी तपासलेल्या पत्रिकेत नवरीच्या वडिलांच्या नावामागे ‘चि.’ लागला आणि साठीचा गृहस्थ तीनशे प्रतींत बोहल्यावर चढला. मास्टरांचा राग कापडात उतरून संपून जाई. माझा साठत गेला.

आमचा खेळ दुपारच्या नमाजनंतर सुरू व्हायचा आणि बहुधा अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, अजानीपर्यंत चालायचा. अजान झाली की खेळ जिथं असेल तिथं थांबे. पडद्यावर बावीस माणसं एकेक पाय उचलून खोळंबून राहत, मास्टर नमाज पढून येत, तोवर त्यांचं दुकान मी बघत असे. थांबवायचं बटण सुरुवातीला ते दाबत. पुढे मीच दाबू लागलो. कोपऱ्यावरच्या मशिदीच्या भोंग्याला अजानीआधी एक खरखर होती. ती आली की माझा अंगठा आपोआप बटणावर जाई. “आप कायकू रोकते? मैं रोकता ना,” असं ते एकदा म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही हरत असताना थांबवलंत तर लोक म्हणतील, मास्टरांनी अजानीचं निमित्त केलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यानंतर ते काम माझ्याकडेच राहिलं.

तर भोपाळवाला. रविवारी दुकानं बंद असत. मास्टर शनिवारी संध्याकाळी डबा मशिनीच्या आवरणात गुंडाळून मशिदीमागच्याच गल्लीतल्या घरी नेत आणि इंटरनेटवरून गावोगावच्या अनोळखी लोकांशी खेळत. त्यांचं खातं मीच उघडून दिलं होतं. मी माझ्यासाठी गुपचूप एक जुना डबा घेतला. मुलीच्या नावावर घेतला, ती पुण्याला शिकत असूनही. रोज पहाटे उठून, टीव्हीचा आवाज बंद ठेवून सराव केला. बायकोला वाटलं मी प्राणायाम करतो. सिडकोतल्या घरी भर दुपारी खेळलो तर बायकोला कळेल म्हणून मी औरंगपुऱ्यातल्या दुकानात, शटर अर्धं ओढून, पत्रिका जुळवायच्या कॉम्प्युटरच्या पडद्याला डबा जोडून रविवारी दुपारी बसू लागलो. खोटं नाव घेतलं, गाव भोपाळ लिहिलं आणि मास्टरांना आव्हान धाडलं.

पहिल्याच रविवारी मी जिंकलो. दुसऱ्याही. सोमवारी मास्टर दुकान उघडता उघडता मला सांगत, “भोपाल का एक लडका मिला है, भाऊ. हाथ में बिजली है उसके.” माझ्या हातांविषयी त्याआधी कुणी काही चांगलं बोललं नव्हतं. मी “असं का?” म्हणायचो आणि दिवसभर ते वाक्य चघळायचो. ओळखू येऊ नये म्हणून आठवडाभर त्यांच्याशी मुद्दाम वाईट खेळून हरायचो, आणि रविवारची वाट बघायचो. पन्नाशी उलटलेला माणूस इतका आनंदी आणि इतका लबाड एकाच वेळी असू शकतो, हे मला तेव्हाच कळलं.

चौथ्या रविवारी मध्यांतराला मी दोन-शून्यानं मागे होतो. मास्टर त्या दिवशी फार सुंदर खेळत होते. बाबूसुद्धा वेळेवर पोहोचत होता. मला आतून असं काही पेटलं की त्याचं वर्णन करायची मला आजही लाज वाटते. मध्यांतरात समोरच्याला निरोप लिहिता येतो, आणि साधं हिंदी मास्टर सावकाश वाचत-लिहीत. मी लिहिलं: “चाचा, हाथ काँप रहे हैं क्या?”

दुसऱ्या अर्ध्यात त्यांचे खेळाडू जागच्या जागी उभे राहू लागले. मी एक गोल केला, दुसरा केला, तिसरा केला. चौथ्याला गणपत एका बाजूला पडलेला, गोल उघडा, बॉल माझ्या पायात. आणि तेवढ्यात बाहेर भोंगा खरखरला. माझ्या अंगठ्यानं खेळ थांबवला. ऑनलाइन खेळात थोडा वेळच थांबवता येतं, तेवढा थांबलो. मग खेळ सुरू केला तेव्हा समोरून कुणीच हलत नव्हतं. मास्टर नमाजला गेले होते. मी जिंकलो.

सोमवारी त्यांनी डबा दुकानात आणलाच नाही. टीव्हीवर अस्तराचं कापड टाकलं होतं. मंगळवारी फळीपलीकडून ऐकू आलं, की एका नवरदेवाच्या वडिलांना ते सांगताहेत, शेरवानी दुसरीकडे टाका, मी आता कापत नाही. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी त्यांनी मला सांगितलं, मुलगा हैदराबादला बोलावतोय, दुकान द्यावं म्हणतो कुणाला तरी. मी “विचार करा” म्हणालो. मला म्हणायचं होतं ते निराळंच होतं, पण तोंडातून ‘विचार करा’ निघालं. त्या चार दिवसांत मास्टर बसले होते तसेच, दारातून गल्लीकडे बघत, जसा तीन वर्षांपूर्वी मी फायलीकडे बघत बसायचो. आणि फळीवर तीनदा वाजवायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

रविवारी भोपाळवाल्यानं लिहिलं, “माफ करना चाचा.” उत्तर आलं नाही.

सोमवारी फळीवर कात्रीची मूठ वाजली. मी गेलो. चहा मागवलेला होता. मास्टर म्हणाले, भोपाळवाल्यानं माफी मागितली. मी बशीत चहा ओतत होतो, ओततच राहिलो.

“आदमी अच्छा है, भाऊ,” ते म्हणाले. “तीन-दो पुढे होता. गोल खाली, बॉल पायात. अन् आमच्या मशिदीचा भोंगा खरखरला तसा थांबला.” त्यांनी एक घोट घेतला. “भोपालपर्यंत जातो का हो, आमचा भोंगा?”

मी बशीकडे पाहत होतो. त्यांनी मला फार वेळ तसं राहू दिलं नाही.

“ते हाताचं त्याला काय मालूम. खेळात माणूस बोलतो. यूँही बोल गया.” मग त्यांनी उजवा हात माझ्यासमोर, चहाच्या कपावर, सपाट धरला. “पर बात सच निकली. देखो.”

हात थरथरत होता. वर्ष झालं, ते म्हणाले. एका नातलगाला त्यांनी कंपवातानं अंथरुणात गेलेलं पाहिलं होतं, तेच आपल्याला झालं असणार असं धरून ते गप्प राहिले होते. घरी नाही, मुलाला नाही. वर्षभर दुपारी खेळायचे ते हात अजून ऐकतात का, हे रोज बघायला. जिंकले की त्या दिवसापुरता कारागीर शाबूत. हरले की रात्रभर डोळा नाही. त्या आवळलेल्या पँटींवर सगळं शहर हसत होतं, मीही हसत होतो, आणि इकडे एक माणूस रोज दुपारी स्वतःची परीक्षा घेत होता.

मी म्हणालो, “उठा. डॉक्टरकडे जाऊ.”

डॉक्टरांनी त्यांना कागदावर एक गोल गोल फिरत जाणारी रेघ काढायला सांगितली. मास्टरांनी खिशातून खडू काढला, नको म्हटलं तेव्हा पेन घेतलं, आणि रेघ काढून झाल्यावर डॉक्टरांना विचारलं, गळा किती खोल ठेवू. डॉक्टर हसले. बरीच तपासणी झाली. तो मोठा आजार नव्हता. काही घराण्यांत वयाबरोबर येणारा कंप असतो, तसा होता. त्यांच्या वडिलांचेही हात उतारवयात हलायचे, हे त्यांना तेव्हा आठवलं. गोळ्यांनी तो बराच आटोक्यात राहील, सकाळी काम करा, चहा कमी करा, असं डॉक्टर म्हणाले. पायऱ्या उतरताना मास्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कंप मला शर्टातून जाणवत होता. ते एकदम तरुण माणसासारखे बोलत होते: गोळ्यांविषयी, हैदराबादला कळवायच्या नकाराविषयी, चहा कमी करायला सांगणाऱ्या डॉक्टरांच्या शर्टाच्या कॉलरविषयी, जी त्यांच्या मते उलटी बसवली होती.

त्या रविवारी भोपाळवाल्याला त्यांचा निरोप आला: “शुक्रिया बेटा. आप बोले इसलिए दिखाया.” मला बेटा म्हणणारं आता घरात कुणी उरलेलं नाही. मी तो निरोप पुसला नाही, आणि भोपाळवाल्याचं खातं त्यानंतर उघडलं नाही.

आता मास्टर सकाळी कापतात, दुपारी आम्ही खेळतो. त्यांचा अंगठा थोडा उशिरा पोहोचतो. ते कधी जिंकतात, कधी मी जिंकतो, आणि दोघंही खरंखुरं खेळतो, हे माझ्यापुरतं फार मोठं आहे. पँटी मापात होतात. लासूरच्या आडत्यांना यात काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. तरी ते सवयीनं फोन करतात. हरल्यावर मीसुद्धा “क्या मारा, मास्टर” म्हणायला शिकलो आहे, आणि घरी आमटीला नावं ठेवत नाही. माझं दुकान मोडकळीला आलं होतं तेव्हा ज्यानं मला काही न विचारता शेजारी बसवून घेतलं, त्या माणसाकडून मी पन्नाशीनंतर हरायला शिकलो. एवढं कुणी मला दिलं नाही.

भोपाळवाला कोण, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि विचारणार नाहीत. भोपाळवाल्याला हाताचं ठाऊक नव्हतं, तो यूँही बोलून गेला, असं त्यांनी स्वतः ठरवून माझ्यासाठी जागा मोकळी करून ठेवली आहे. मी त्या जागेत इतके दिवस बसून आहे. पण ते खरं नाही. तो हाताचा निरोप लिहिण्याआधीच्या आठवड्यात मी फळीच्या फटीतून त्यांना सुईत दोरा ओवताना पाहिलं होतं. चौथ्या वेळी ओवला गेला. खडूची रेघ सरळ येईना म्हणून त्यांनी मनगट दुसऱ्या हातानं धरलं, तेही पाहिलं होतं. नेमकं कुठं लागेल, हे बघूनच मी ते लिहिलं होतं. हे इथं लिहिल्यानं भागणार नाही. मास्टर मराठी वाचतात ते मापाच्या वहीपुरतं. ते समोर बसून, तोंडानं सांगावं लागेल. “मास्टर, मला माहीत होतं,” एवढं एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.